पितरौ : अपत्यसंगोपनांत दांपत्याचा वांटा

लहान मुलाचें करणें-सवरणें आईबापांपैकीं कोणीं किती करावें, हा प्रश्न सांप्रत घरोघर निघूं लागला आहे. नवराबायको दोघेंहि अर्थार्जनासाठीं बाहेर पडूं लागल्यावर तो निघावा यांत नवल नाहीं. त्याविषयीं बोलतांना मात्र दोन प्रकारचे लोक भेटतात. एकांचें म्हणणें, ही पश्चिमेकडून आलेली टूम असून आमच्या पूर्वजांनीं असला हिशेब कधीं मांडला नाहीं. दुसऱ्यांचें म्हणणें, आमच्या ग्रंथांत सर्व कांहीं पूर्वींच सांगून ठेविलें आहे. दोघांनींहि मूळ ग्रंथ उघडून पाहिलेले नसतात. आम्हीं आयुष्याचीं बरींच वर्षें मुलांस संस्कृत शिकविण्यांत घालविलीं. वाक्य समोर आलें कीं आधीं क्रियापद शोधावें आणि मग त्याचा कर्ता कोण तें विचारावें, ही वर्गांतील संवय अंगीं मुरलेली आहे. तीच कसोटी संगोपनविषयक जुन्या वाक्यांस लावली असतां काय हातीं येतें, तें येथें मांडितों.

प्रथम शब्दच पाहूं. आईबाप या अर्थीं संस्कृतांत ‘पितरौ’ असें द्विवचन येतें. मातृ आणि पितृ हे शब्द एकत्र आले असतां विकल्पानें पितृ हाच शिल्लक राहतो, असा पाणिनीचा एकशेष आहे. शब्दांत दिसतो तो एकटा बाप. आई आहे, पण ती द्विवचनाच्या प्रत्ययांत लपलेली. या लपलेल्या आईला बाहेर काढण्याचें काम कल्याणीच्या विज्ञानेश्वरानें केलें. चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या कारकीर्दींत (१०७६–११२६) लिहिलेल्या मिताक्षरेंत, निपुत्रिक पुरुषाच्या वारसांचा क्रम सांगतांना, याज्ञवल्क्याच्या ‘पितरौ’ या शब्दापाशीं तो थांबतो आणि विचारतो कीं दोघांपैकीं आधीं कोण? त्याचा निर्णय आईच्या बाजूनें आहे. कारणें दोन. एक, एकशेषाचा विग्रह करतांना ‘माता’ हा शब्द आधीं उच्चारला जातो. दुसरें, बाप हा सापत्न पुत्रांचाहि असतो, आई तशी नसते, म्हणून तिची प्रत्यासत्ति अधिक. पुढें सतराव्या शतकांत, ज्याचें घराणें मूळचें पैठणचें त्या नीलकंठभट्टानें व्यवहारमयूखांत उलट मत देऊन बापास पुढें बसविलें. त्यामुळें इंग्रजी अमदानींतील न्यायालयांत मुंबई बेट व गुजराथ यांना एक नियम आणि उर्वरित महाराष्ट्रास दुसरा, असा चमत्कार कित्येक वर्षें चालला. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें आईस पहिल्या वर्गांत व बापास दुसऱ्या वर्गांत घालून विज्ञानेश्वराचाच पक्ष उचलला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु विज्ञानेश्वराच्या कारणांत एक कारण नाहीं, तें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. आईनें मुलास वाढविलें, रात्रीं जागविल्या, म्हणून तिचा हक्क आधीं, असें तो म्हणत नाहीं. व्याकरण आणि रक्ताची जवळीक यांवर त्याचें काम भागतें.

आतां गृह्यसूत्रांकडे वळूं. आश्वलायनाच्या चौलविधींत बसण्याची जी जागा सांगितली आहे, ती आमच्या विषयाचें चित्रच होय. अग्नीच्या पश्चिमेस आई, तिच्या मांडीवर मूल, आणि तिच्या दक्षिणेस कुशांच्या एकवीस जुड्या हातांत घेतलेला बाप. मग तोच मागें येऊन थंड आणि ऊन पाणी एकत्र करतो, मुलाचे केस भिजवितो, आणि मंत्र म्हणून कापतो. पाणी भाजेल इतकें कढत नाहीं ना, हें पाहण्यापुरता तरी बापाचा हात येथें मुलाच्या डोक्याला लागतो, ही लहान गोष्ट नव्हे. प्रवासाहून परत आल्यावर बापानें मुलाचें मस्तक हातांत घेऊन तीन वेळां हुंगावें, असेंहि तोच सूत्रकार सांगतो; मुलगी असल्यास हेंच मंत्रावांचून करावें. या विधींत प्रेम आहे, स्पर्श आहे. पण बापाचें कर्म संस्काराच्या दिवशींचें आहे. आईची मांडी मात्र संस्काराच्या आदल्या दिवशीं आणि दुसऱ्या दिवशींहि तेथेंच आहे. तिच्याबद्दल सूत्र लिहिण्याची कोणास गरज वाटली नाहीं.

दैनंदिन कर्माचा तपशील पाहिजे असेल तर आयुर्वेदाकडे जावें लागतें. चरकसंहितेच्या शारीरस्थानांतील आठवा अध्याय ज्यांनीं केवळ वैद्यकाचा म्हणून बाजूस ठेविला असेल, त्यांनीं तो एकवार वाचावा अशी आमची विनंति आहे. बाळाच्या खोलीपासून खेळण्यांपर्यंत सर्व कांहीं त्यांत आहे. खेळणीं रंगीबेरंगी, आवाज करणारीं, हलकीं असावींत. टोंकदार नसावींत, तोंडांत जातील इतकीं लहान नसावींत, भेसूर नसावींत. मूल रडलें किंवा जेवलें नाहीं तर राक्षस-पिशाचांचीं नांवें घेऊन त्यास भिववूं नये, असेंहि तेथें बजावलें आहे. बागुलबोवाचा धाक घालणाऱ्या आमच्या घरांनीं हें वाक्य दोन हजार वर्षें ऐकिलें नाहीं, हें उघड दिसतें.

या अध्यायांतील दोन वाक्यें आम्ही मुद्दाम शेजारीं ठेवितों. दहाव्या दिवशीं बारशाचा विधि आहे; तेथें मुलाच्या पित्यानें दोन नांवें ठेववावींत, एक नाक्षत्र व दुसरें व्यवहाराचें, असें स्पष्ट सांगितलें आहे. कर्ता प्रथमा विभक्तींत, ठळक. थोडें पुढें गेलें कीं बाळाच्या अंथरुणा-पांघरुणाचें वाक्य येतें. घामट, मळकीं, किडे झालेलीं, मलमूत्रानें भरलेलीं वस्त्रें टाकावींत. दुसरीं मिळण्यासारखीं नसतील तर तींच चांगलीं धुऊन, धुरी देऊन, स्वच्छ व कोरडीं करून वापरांत जावींत. येथें कर्ता शोधून पाहा. वस्त्रें हींच वाक्यांतील प्रथमा; तीं आपोआप धुतलीं जातात, आपोआप वाळतात, आणि आपल्या पायांनीं चालत वापरांत जातात! सुश्रुतांतहि हीच तऱ्हा. बाळास सुख वाटेल असें धरावें, दरडावूं नये, झोंपेंतून एकदम उठवूं नये, वर उडवूं नये. विध्यर्थाचीं क्रियापदें एकामागून एक येतात, आणि त्यांपैकीं एकासहि कर्ता नाहीं.

येथें अशी शंका संभवते कीं, हे ग्रंथ वैद्यास उद्देशून लिहिलेले असल्यामुळें कर्ता सांगण्याचें कारणच काय? शंका रास्त आहे. शास्त्रग्रंथांची ती शैलीच आहे. तथापि त्याच अध्यायांत प्रसूतिगृह व बाळाची खोली बांधणारा, मंत्र म्हणणारा, नांव ठेवणारा आणि दूध पाजणारी धात्री हे सर्व नांवनिशीवार येतात. धात्री कशी असावी याची परीक्षा तर वधूपरीक्षेहून बारकाईनें केली आहे. ज्या कर्मास मान किंवा वेतन आहे, त्याचा कर्ता सांपडतो. ज्यास दोन्ही नाहीं, तें कर्म कर्मणि प्रयोगांत जातें. आमच्या मतें हा निव्वळ शैलीचा योगायोग नव्हे.

(जातां जातां संग्राहकांसाठीं एक गोष्ट नमूद करितों. बालवैद्यकाचा खास ग्रंथ जो काश्यपसंहिता, तो नेपाळांत सांपडलेल्या एका त्रुटित ताडपत्रावरून हेमराजशर्मा यांच्या विस्तृत उपोद्घातासह १९३८ मध्यें मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें प्रसिद्ध केला. पोथीचीं पानें पुढून, मागून व मधूनहि गेलेलीं आहेत. कौमारभृत्याच्या एवढ्या मोठ्या शाखेचा हा मुख्य ग्रंथ एका फाटक्या पोथीच्या आधारानें उभा आहे.)

धर्मशास्त्र व अर्थशास्त्र यांची भाषा याहून निराळी, कारण तेथें दंड आहे. कौटिल्य सांगतो कीं, ऐपत असून जो बायकामुलांचें भरण करीत नाहीं त्यास बारा पण दंड. आणि त्यांची तजवीज न लावतां जो संन्यास घेतो त्यास पूर्वसाहस दंड. मोक्षाची वाट देखील मुलाच्या दुधावरून जाते, असा हा रोखठोक न्याय आहे. अनाथ स्त्री गरोदर असेल तर तिला, व प्रसूत झाल्यावर तिच्या मुलांस, राजानें पोसावें, असेंहि तेथेंच आहे. १९०५ च्या सुमारास म्हैसुरास हाती आलेली व श्यामशास्त्री यांनीं १९०९ मध्यें छापलेली ती पोथी नसती, तर यांतील बरेंच आम्हांस कळलें नसतें. मनूच्या नवव्या अध्यायांत मात्र झालेल्या अपत्याचें परिपालन हें स्त्रीच्या पदरीं घातलें आहे.

म्हणजे शब्द दोन आहेत. ‘भरण’ बापाकडे, तें चुकल्यास दंड. ‘परिपालन’ आईकडे, त्याबद्दल मोबदला नाहीं. आईची थोरवी हजार बापांहून अधिक असें मनु दुसऱ्या अध्यायांत म्हणतो खरा. परंतु थोरवी ही कांहीं वांटणी नव्हे. आमच्या निबंधकारांनीं दायविभाग लिहितांना केवढी बुद्धि खर्चिली! बापाच्या पश्चात् पुत्र वांटणी करूं लागले तर आईसहि सारखा अंश द्यावा, हें याज्ञवल्क्यानें सांगितलें. वर्णावर्णांच्या बायकांच्या मुलांस चार, तीन, दोन, एक असे भाग पाडून दाखविले. कर्जाचीहि वांटणी सांगितली. पण जागरणाची, उचलून घेण्याची, धुण्या-पुसण्याची वांटणी कोणी लिहिली नाहीं. द्रव्याच्या वांटणीवर भांडण होतें व तें राजद्वारीं जातें म्हणून तिचें शास्त्र झालें. श्रमाची वांटणी राजद्वारीं गेली नाहीं.

यावर एकत्र कुटुंबाचा दाखला देण्यांत येतो. आजी, आत्या, जाऊ, दाई अशी माणसें असल्यावर एकट्या आईवर भार कोठें पडत असे? बरोबर आहे, भार वांटला जात होता. मात्र तो बाईकडून बाईकडे जात होता. दांपत्यांतील दुसऱ्या घटकाकडे तो जात नव्हता, आणि आमचा प्रश्न तेवढाच आहे.

एका महाराष्ट्रीय कुटुंबाचें उदाहरण या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. अनंतशास्त्री डोंगरे हे पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांचे शिष्य. दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणशीबाई हिला शास्त्रीबोवा संस्कृत शिकवीत, तें पाहून आपल्या बायकोस शिकवावें असें अनंतशास्त्र्यांच्या मनानें घेतलें. दुसरी पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनीं खरोखरच शिकविलें; घरच्यांचा विरोध झाला तेव्हां गंगामूळच्या रानांत बिऱ्हाड नेलें. तेथें १८५८ मध्यें रमाबाईंचा जन्म झाला, आणि त्या तान्ह्या असतांनाच कुटुंबाची तीर्थयात्रा सुरू झाली. रमाबाईंस शिकविण्याची वेळ आली तेव्हां वडील थकले होते, म्हणून आईनें शिकविलें. परंतु दिवसा आईस सवड नव्हती. घरचें सर्व काम, आल्यागेल्याचें करणें तिच्याकडेच. १८८७ मध्यें फिलाडेल्फिया येथें निघालेल्या रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाच्या प्रस्तावनेंत असें वर्णन आहे कीं, आई पहाटे झोंपाळू मुलीस जमिनीवरच्या अंथरुणांतून गोंजारून उठवी आणि दिवस सुरू होण्यापूर्वीं पाठ देई. पंडिता ही पदवी पुढें कलकत्त्यास ज्या विद्येमुळें मिळाली, ती विद्या अशा रीतीनें झोंपेंतून काढलेल्या वेळांत दिलेली आहे.

अनंतशास्त्र्यांची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं. त्या काळीं बायकोस शिकविण्यासाठीं रान पतकरणारा दुसरा शास्त्री दाखवणें कठीण. त्यांनीं आपली विद्या वांटली. पण लक्ष्मीबाईंच्या वांट्यास विद्या आली ती जुन्या कामांवर चढून आली. त्यांतील एकहि काम उतरून आली नाहीं. स्त्रीस नवें कार्यक्षेत्र मिळतें तेव्हां जुनें कोण उचलतो, हा आजच्या घरांतला प्रश्न त्या यात्रेंतल्या पहाटेसहि होता.

कायद्याचें आतां पाहूं; येथें विस्तार करण्याचें कारण नाहीं. १९२८ मध्यें मुंबईच्या कायदे कौन्सिलांत डॉ. आंबेडकरांनीं प्रसूतिविषयक विधेयकाचा पुरस्कार केला व १९२९ मध्यें तो कायदा झाला. १९६१ च्या मध्यवर्ती कायद्यानें बारा आठवड्यांची रजा दिली, २०१७ मध्यें ती सव्वीस झाली. बापाच्या बाजूस, केंद्र सरकारच्या नोकरास १९९७ पासून पंधरा दिवस. त्याच सरकारनें २००८ मध्यें स्त्री-नोकरांस दोन मुलांच्या संगोपनासाठीं ७३० दिवसांची रजा ठेविली. २०१८ मध्यें ती पुरुषांसहि मिळूं लागली, परंतु फक्त विधुर, अविवाहित किंवा घटस्फोटित अशा एकट्या पुरुषास.

हें १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याशेजारीं ठेवून वाचावें. त्यांत नैसर्गिक पालक म्हणून आधीं बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई. ‘नंतर’ म्हणजे बापाच्या मृत्यूनंतरच नव्हे, तर तो मुलाची काळजी घेत नसतांनाहि, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयानें १९९९ मध्यें गीता हरिहरन यांच्या खटल्यांत लावला. विज्ञानेश्वरानें एका द्विवचनावर केलें, तेंच काम न्यायमूर्तींनीं एका अव्ययावर केलें. एवंच, अधिकाराच्या ठिकाणीं आई बापानंतर येते, आणि रजेच्या ठिकाणीं बाप आई नसल्यावरच येतो. दोघें एकाच वेळीं हजर असतां काय, याचें उत्तर एकशेषांत जसें गुप्त होतें तसेंच या दोन नियमांतहि गुप्त राहिलें आहे.

शेवटीं संग्राहकमित्रांस एक विनंति. जुन्या घरांतले रुमाल सोडतांना सनदा, महजर, वतनाचे कागद आपण हौसेनें वेगळे काढतों, आणि घरखर्चाच्या वह्या ‘किरकोळ’ म्हणून पुन्हां बांधून ठेवितों किंवा रद्दींत जाऊं देतों. बाळंतपण, बारसें, दाईचा पगार, पाळणा, दुपटीं, बाळगुटीचीं औषधें यांच्या नोंदी असतील तर त्या अशाच वह्यांत असणार. कोणत्या कामास कोणाच्या हातीं पैसा पडला, तें तेथें आंकड्यांनीं लिहिलेलें असतें, आणि आंकड्यास कर्मणि प्रयोग नसतो. अशी नोंद दृष्टीस पडल्यास तिथि-शकासह तिची नक्कल करून त्रैमासिकाकडे पाठवावी.