ब्लॉगवाला पत्रकार असतो का? ‘केसरी’ची एक जुनी चूक

“ब्लॉग लिहिणं म्हणजे काही खरी पत्रकारिता नव्हे,” हे तुम्हीही ऐकलं असेल. मला अशा वेळी १८८२ सालचा एक खटला आठवतो.

आगरकर आणि टिळक तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचे. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवायचे. पत्रकारितेची पदवी वगैरे काही नाही. १८८१ च्या जानेवारीत सहकाऱ्यांसोबत त्यांनी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ काढले.

कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होतोय, असं तेव्हा बोललं जात होतं. दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर ठपका ठेवणारी काही पत्रं हाती आली आणि त्यांच्या भरवशावर या दोन्ही पत्रांनी मजकूर छापला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ती पत्रं बनावट निघाली! दोघांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची कैद झाली. त्यातले १०१ दिवस मुंबईच्या डोंगरी तुरुंगात गेले.

बघा, छापखाना होता, हेतूही चांगला होता, तरी बातमी खोटी ठरली. म्हणजे कागदावर छापलं की पत्रकारिता झाली, असं नाही.

माझ्या मते कसोट्या दोनच. लिहिण्याआधी खात्री केली का? आणि चुकलं तर नावानिशी पुढे येऊन मान्य केलं का? पहिल्या कसोटीत ते दोघे नापास झाले, दुसरीत नाही. ब्लॉगवाल्यालाही हेच विचारा. आणि हो, फॉरवर्ड करण्याआधी स्वतःलासुद्धा!