म्यूनिक पुनर्विमा कंपनी व जलवायुमानबदल

पुनर्विमा व्यवसायातील एक अग्रगण्य जर्मन कंपनी. कार्ल थीमे यांनी १८८० मध्ये म्यूनिक येथे तिची स्थापना केली. पुनर्विमा म्हणजे विमा कंपन्यांचा विमा. सामान्य विमा कंपनी आपल्या जोखमीचा काही भाग हप्त्याच्या हिश्शासह दुसऱ्या कंपनीकडे सोपविते, त्यामुळे एखादे शहर आगीत वा भूकंपात उद्ध्वस्त झाले, तरी ती बुडत नाही. १९०६ च्या सॅन फ्रॅन्सिस्को भूकंपानंतर अनेक विमा कंपन्या दिवाळखोरीत निघाल्या. म्यूनिकच्या कंपनीने मात्र आपली देणी तत्परतेने चुकती केली आणि तीवरच तिची आंतरराष्ट्रीय पत उभी राहिली.

पुनर्विम्याच्या या स्वरूपामुळे अनेक खंडांतील वादळे, पूर व गारपिटी यांच्या नुकसानीचे हिशेब एकाच ठिकाणी जमा होतात. हवामानशास्त्रज्ञाला तापमापक जे सांगतो, ते विमा कंपनीला खतावणी सांगते. १९७३ मध्ये कंपनीने पुरांविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडचे वाढते प्रमाण, वातावरणाचे वाढते तापमान आणि हिमनद्यांचे मागे हटणे यांचा तीत थोडक्यात पण स्पष्ट उल्लेख आहे. जलवायुमानबदलाविषयीचे आंतरशासकीय मंडळ स्थापन होण्यास (१९८८) त्या वेळी पंधरा वर्षे अवकाश होता. १९७४ मध्ये वातावरणविज्ञ गेरहार्ट बेर्ट्‌स यांच्याकडे भूवैज्ञानिक आपत्तींच्या संशोधनाचे काम सोपविण्यात आले व १९७८ मध्ये नैसर्गिक आपत्तींचा जागतिक नकाशा निघाला. विमा व्यवसायाने विज्ञानाला दिलेली ही देणगी खरोखरच मोलाची आहे.

तथापि धोका ओळखणे व तो कमी करण्याची जबाबदारी पतकरणे या वेगळ्या गोष्टी होत. मालमत्तेचे विमापत्र बहुधा एक वर्षाचे असते. जोखीम वाढली, तर पुढील वर्षी हप्ता वाढविता येतो, भरपाईची मर्यादा घटविता येते किंवा विमा नाकारताही येतो. ऑगस्ट १९९२ मध्ये फ्लॉरिडावर आदळलेल्या अँड्रू चक्री वादळाने अनेक लहान विमा कंपन्या बुडविल्या आणि त्यानंतर विमा व्यवसायाने प्रामुख्याने हाच मार्ग चोखाळला. अचूक भाकितामुळे कंपनी सुरक्षित राहते; पण धुराडी धूर ओकतच राहतात. शिवाय विम्याचे छत्र ज्यांच्या डोक्यावर मुळातच नाही, त्यांना या भाकिताचा फारसा लाभ होत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला. अशा आपत्तींत विकसनशील देशांची जी हानी होते, तिचा अल्पसा भागच विमापत्राखाली येतो. त्याच वर्षी कंपनीच्या पुढाकाराने गरीब देशांसाठी विमायोजनांचा विचार करणारी एक संस्था म्यूनिकमध्ये स्थापन झाली.

विमा कंपनीच्या कार्बन उत्सर्जनाचे तीन थर मानले जातात. पहिला थर कार्यालयांतील वीज, उष्णता व प्रवास यांचा. तो सर्वांत लहान असून मोजण्यास सर्वांत सोपा आहे. वार्षिक अहवालांत त्याला बराच मान मिळतो, हेही ओघानेच आले. दुसरा गुंतवणुकीचा : जमा झालेले हप्ते ज्या उद्योगांच्या भागांत व रोख्यांत गुंतविले जातात, त्यांच्या उत्सर्जनाचा. तिसरा थर ज्यांचा विमा उतरविला जातो, त्या उद्योगांचा आणि खरी अडचण येथेच आहे. विम्यावाचून मोठ्या वीजकेंद्राला बँका सहसा कर्ज देत नाहीत, म्हणून विमा नाकारणे हे प्रभावी शस्त्र ठरते. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मोजणीपद्धतीनुसार व्यापारी ग्राहकाच्या उलाढालीशी त्याच्या विमाहप्त्याचे जे प्रमाण असेल, त्या प्रमाणात त्याचे उत्सर्जन विमा कंपनीच्या नावे मांडले जाते. हप्त्याचे दर वाढले, तर धूर तेवढाच राहूनही आकडा वाढतो!

पहिल्या पुस्तिकेनंतर ४५ वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, कंपनीने कोळशापासून ३० टक्क्यांहून अधिक उत्पन्न मिळविणाऱ्या उद्योगांतील गुंतवणूक बंद करण्याचे व औद्योगिक राष्ट्रांतील नव्या कोळसा वीजकेंद्रांचा आणि खाणींचा स्वतंत्र विमा न उतरविण्याचे जाहीर केले. ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एखाद्या विमा कंपनीच्या हजारो विमापत्रांचा एकत्रित भार एकाच कराराने उचलला जातो, तेव्हा त्यात एखादे कोळसा केंद्र असले, तरी ते वेगळे काढले जात नाही. पर्यावरणवाद्यांनी नेमके यावर बोट ठेवले. डिसेंबर २०२० मध्ये २०१९ च्या तुलनेत गुंतवणुकीतील उत्सर्जन २०२५ पर्यंत २५ ते २९ टक्क्यांनी घटविणे, २०४० पर्यंत कोळशाच्या विम्यातून बाहेर पडणे आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य गाठणे, अशी उद्दिष्टे ठरली. १ एप्रिल २०२३ पासून नव्या तेल व वायू क्षेत्रांचा विमाही बंद झाला.

जुलै २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखाली आठ कंपन्यांनी निव्वळ-शून्य विमा आघाडी स्थापिली. म्यूनिक कंपनी त्यांपैकी एक होती. स्पर्धक कंपन्यांनी संगनमताने एखाद्या उद्योगाचा विमा नाकारणे हा मक्तेदारी-प्रतिबंधक कायद्याचा भंग ठरेल, असा आक्षेप अमेरिकेतून पुढे आला. हाच धोका दाखवून म्यूनिक कंपनी ३१ मार्च २०२३ रोजी आघाडीतून बाहेर पडली. मे महिन्यात २३ राज्यांच्या महान्यायवाद्यांनी सभासदांना पत्र धाडले. आक्सा व आलिआन्झ या कंपन्याही निघून गेल्या आणि एप्रिल २०२४ मध्ये आघाडी विसर्जित होऊन तिच्या जागी सभासदांवर उद्दिष्टांचे बंधन नसलेला एक विचारमंच आला. जुलै २०२५ मध्ये म्यूनिक कंपनीने गुंतवणूकदारांच्या निव्वळ-शून्य आघाडीतूनही अंग काढून घेतले. स्वतःची उद्दिष्टे कायम असल्याचे तिने त्या वेळी सांगितले.