कोलॅजेन : निर्मिती आणि विघटन

कोलॅजेन : संयोजी ऊतकाला बळकटी देणारे तंतुमय प्रथिन. त्वचा, हाडे, कंडरा, हिरड्या, रक्तवाहिन्यांच्या भिंती यांचा ताण ते पेलते. माणसाच्या शरीरातील एकूण प्रथिनांपैकी साधारण एक तृतीयांश कोलॅजेन असते. त्याचे 28 प्रकार ज्ञात असून पहिला प्रकार सर्वाधिक आढळतो. मऊ ऊतकांत ते घडवण्याचे आणि मोडण्याचे काम मुख्यतः तंतुजनक पेशी म्हणजे फायब्रोब्लास्ट करतात. या दोन कामांचा मेळ बसला की ऊतक लवचिक राहते.

निर्मिती : पेशीत प्रथम अल्फा साखळ्या तयार होतात. साखळीतील दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसीन असते. ते आकाराने सर्वांत लहान असल्यामुळे तीन साखळ्यांना एकमेकींत घट्ट पीळ घेता येतो. ही तिपेडी रचना जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी 1954–55 मध्ये मद्रास विद्यापीठात मांडली. पीळ बसण्याआधी काही प्रोलीन व लायसीन घटकांवर हायड्रॉक्सिल गट चढतात. या क्रियेला लोह आणि क जीवनसत्त्व लागते. क जीवनसत्त्व अपुरे पडले तर पीळ शरीराच्या तापमानाला टिकत नाही. स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येते ते यामुळेच.

पेशीबाहेर पडणाऱ्या या पिळदार रेणूच्या, म्हणजे प्रोकोलॅजेनच्या, दोन्ही टोकांना जादा तुकडे असतात. ते छाटले गेल्याशिवाय रेणू एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून पेशीच्या आतच तंतू जमण्याचा धोका टळतो. छाटणी झाल्यावर सुमारे 300 नॅनोमीटर लांबीचे रेणू थोडे थोडे सरकून एकमेकांशेजारी लागतात. शेवटी तांब्याच्या साहाय्याने चालणारे लायसिल ऑक्सिडेज हे विकर त्यांच्यात आडबंध घालते. आडबंध जितके जास्त, तितका तंतू मोडायला अवघड.

विघटन : अखंड पिळाला बहुतेक पाचक विकरे दाद देत नाहीत. तो कापणारे कोलॅजिनेज 1962 मध्ये जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांना बेडकाच्या पिल्लाच्या गळणाऱ्या शेपटीत सापडले. हे जस्तयुक्त विकर रेणूला एका टोकापासून सुमारे तीन चतुर्थांश अंतरावर, ठरलेल्या जागी कापते. तुटलेल्या भागांचा पीळ शरीराच्या उष्णतेने सुटतो आणि पुढचे काम जिलेटिनेज विकरे करतात. दुसऱ्या मार्गाने तंतुजनक पेशी तंतूंचे तुकडे गिळते आणि लायसोसोममधील कॅथेप्सिन विकरांकरवी पचवते. कापणी आवाक्यात ठेवण्यासाठी याच पेशी टिम्प नावाची रोधक प्रथिनेही सोडतात.

तोल बिघडणे : घडण वाढली आणि मोड घटली, की तंतुमयता येते. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण म्हणजे सुपारीमुळे होणारी तोंडाच्या अस्तराखालची तंतुमयता. दंतवैद्य तिला ‘ओएसएमएफ’ म्हणतात. डेन्मार्कचे जे. जे. पिंडबोर्ग आणि मुंबईच्या सत्यवती शिरसाट यांनी 1966 मध्ये केलेली तिची व्याख्या आजही वापरली जाते. सुपारीतील अरेकोलीन तंतुजनक पेशींना अधिक कोलॅजेन करायला चेतवते आणि त्यांची गिळण्याची क्षमता कमी करते. सुपारीतील तांबे लायसिल ऑक्सिडेजला बळ देते. टॅनिन तर कातडे कमावताना करते तेच इथे करते : तंतूंना कोलॅजिनेजपासून वाचवते. टीजीएफ-बीटा हा वृद्धिघटक वाढल्याने टिम्पही वाढते.

उद्योगपट्ट्यातील संदर्भ : पिंपरी-चिंचवड, भोसरी ते चाकण या पट्ट्यात अनेक कारखाने तीन पाळ्यांत चालतात. रात्रपाळीत झोप उडवायला गुटख्याची पुडी किंवा मावा गालात धरणारे कामगार इथे नवे नाहीत. पश्चिम महाराष्ट्रातला मावा काय किंवा विदर्भातला खर्रा काय, दोन्हींत सुपारी, तंबाखू आणि चुना असतोच. राज्यात गुटखा व पानमसाल्यावर जुलै 2012 पासून बंदी आहे, तरी चोरटी विक्री थांबलेली नाही.

सुपारीमुळे होणाऱ्या या तंतुमयतेचे पहिले लक्षण म्हणजे तिखटाची आग : नेहमीचा ठेचा अचानक झोंबू लागतो. मग गालाचे अस्तर पांढरट पडते आणि आतून बोट फिरवले की उभे, दोरीसारखे पट्टे लागतात. पुढे शिट्टी वाजत नाही, फुगा फुगवता येत नाही. स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून पुढच्या दातांत उभी मावत नसतील तर तपासणी करून घ्यावी. पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, तसेच दंत महाविद्यालयही आहे.

उपचार : सुपारी पूर्ण सोडणे ही पहिली अट. तोंड उघडण्याचे व्यायाम, स्टेरॉइड व हायल्युरोनिडेजची इंजेक्शने आणि गंभीर अवस्थेत पट्टे कापण्याची शस्त्रक्रिया केली जाते. हायल्युरोनिडेज तंतूंमधले भरण पातळ करते, खुद्द कोलॅजेन कापत नाही. त्यामुळे आडबंध पक्के झालेले जुने पट्टे औषधाने क्वचितच विरतात. एर्नाकुलममध्ये 17 वर्षे पाहणीखाली ठेवलेल्या 66 रुग्णांपैकी 7.6 टक्क्यांना तोंडाचा कर्करोग झाला, असे 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. म्हणून सुपारी सुटली आणि आग थांबली, तरी नियमित तपासणी चालू ठेवावी लागते.