बर्फात थांबलेला निळा रंग

तेरेखोलच्या किल्ल्याखाली मासळीच्या पेट्यांतला बर्फ पाहतच आपण वाढलो. आज बर्फाचीच एक निराळी हकिकत आपणांपुढे ठेवतो.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. पुढच्याच वर्षी लंडनजवळच्या माउंट व्हर्नन रुग्णालयात एडविन हार्ट आणि जॅक बोग यांनी पाण्यावर इलेक्ट्रॉनांचा क्षणिक मारा केला. रेणूंतून सुटलेले जादा इलेक्ट्रॉन सुमारे ७२० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश शोषताना त्यांना सापडले. शोध रुग्णालयात लागावा, हे मला अर्थपूर्ण वाटते. कर्करोगावरील किरणोपचारात किरणांचा बराचसा घाव प्रथम पेशीतील पाण्यावरच पडतो.

पाण्यात हा पाहुणा मायक्रोसेकंदांतच नाहीसा होतो. गोठवून थांबवावा, तर शुद्ध बर्फ उणे १९६ अंशांवरही त्याला फारसा थारा देत नाही. तेथील रेणूंची रांग फार शिस्तीची! कॉस्टिक सोड्याचे तीव्र द्रावण मात्र काचेसारखे गोठते आणि किरण पडताच गर्द निळे होते. ते तापवले, किंवा त्यावर नुसता उजेड पाडला, तरी रंग उडतो. जेलकडे अभ्यासकाने वळावे ते यासाठीच. चायनाग्रासच्या वडीत धाग्यांच्या जाळीलगतचे पाणी गोठतानाही सुबक स्फटिक होत नाही, आणि इलेक्ट्रॉनला आसरा मिळतो तो अशाच विस्कळीत जागी. आपली पेशीही या वडीच्याच जातीची.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात असा क्षणिक मारा करणारे ७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे यंत्र आहे. या शाळेतून बाहेर पडलेल्या कुणीतरी त्यापुढे एखादा गोठवलेला जेल ठेवावा, एवढी माझी इच्छा आहे.