घराचा पत्ता आणि रुग्णवाहिका

दारावरचा क्रमांक कशासाठीं असतो, असें विचारल्यास बहुतेक जण टपालवाल्याचें नांव घेतील. पत्ता म्हणजे पत्राची सोय, हा समज फार रूढ आहे. तथापि इतिहास पाहूं गेल्यास असें दिसतें कीं, घरांना क्रमांक मिळाले ते प्रथम राज्यकर्त्यांच्या सोयीसाठीं. आणि त्याच क्रमांकावर एखाद्याचा प्राण अवलंबून राहूं शकतो, ही जाणीव फार उशिरां झाली. हृदय बंद पडलें तर चार-पांच मिनिटांतच मेंदूस इजा होऊं लागते. अशा वेळीं रुग्णवाहिका किती वेगानें धांवते यापेक्षां ती कोठें धांवते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिनें १७७० सालीं घरांवर क्रमांक लावविण्यास आरंभ केला, तो सैन्यभरतीसाठीं. कोणत्या घरांत किती धट्टेकट्टे तरुण आहेत, याची नोंद सरकारास हवी होती. लोकांनीं हें ओळखलें आणि कित्येक ठिकाणीं क्रमांक खरवडून टाकले. शिवाय हे क्रमांक रस्त्याप्रमाणें नसून गांवाप्रमाणें होते. नवें घर बांधलें कीं त्यास यादींतील पुढचा क्रमांक मिळे; त्यामुळें कालांतरानें लहान क्रमांकाशेजारीं भलताच मोठा क्रमांक येऊन बसला. सरकारी दप्तर भरलें, परंतु परक्या माणसास घर सांपडेना.

ही अडचण पॅरिसनें दूर केली. नेपोलियनच्या काळांत, १८०५ सालच्या हुकुमानें, तेथें रस्त्याच्या एका बाजूस सम आणि दुसऱ्या बाजूस विषम क्रमांक आले. सीन नदीला समांतर जाणाऱ्या रस्त्यांचे क्रमांक प्रवाहाच्या दिशेनें वाढत गेले. नदीपासून दूर जाणाऱ्या रस्त्यांचे क्रमांक नदीकडून मोजले गेले. पुढें १८५६ च्या सुमारास अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरानें प्रत्येक चौकापाशीं नवा शेंकडा धरण्याची रीत घातली. क्रमांक कानीं पडतांच घर कितव्या चौकापुढें आहे, तें न विचारतां कळूं लागलें. पत्ता ही केवळ नोंद न राहतां तो वाट दाखवूं लागला, तो असा.

परंतु वाट दाखविणारा पत्ताही योग्य माणसाच्या कानीं वेळेवर पडावा लागतो. लंडनमध्यें १० नोव्हेंबर १९३५ रोजीं विंपोल स्ट्रीटवरील एका डॉक्टरच्या घरास आग लागली व पांच स्त्रिया मृत्युमुखीं पडल्या. समोरच्या शेजाऱ्यानें टेलिफोन उचलला होता. घर तर त्याच्या डोळ्यांसमोरच होतें. पण एक्स्चेंजमध्यें साध्या हांकांच्या रांगेंत त्याची हांक अडकून पडली. त्यानें 'टाइम्स' पत्रास लिहिलेल्या पत्रानें खळबळ उडाली, चौकशी झाली, आणि ३० जून १९३७ रोजीं लंडनमध्यें ९९९ हा क्रमांक सुरू झाला. तो फिरवितांच एक्स्चेंजमध्यें तांबडा दिवा लागे व भोंगा वाजे. आगीचा बंब, पोलीस कीं रुग्णवाहिका, एवढें विचारून ऑपरेटर तार जोडून देई.

अमेरिकेंत ९११ या क्रमांकाची पहिली हांक १६ फेब्रुवारी १९६८ रोजीं अलाबामा संस्थानांतील हेलीव्हिल गांवीं झाली. पुढील दशकांत तेथें आणखी एक युक्ति निघाली. टेलिफोन तारेनें भिंतीस बांधलेला असे. तेव्हां तो कोणाच्या घरीं आहे, हें कंपनीच्या वहींत असेच. ती वही संगणकांत घातल्यावर बोलणाराचा पत्ता ऑपरेटरसमोर आपोआप उमटूं लागला. घाबरलेला मनुष्य, लहान मूल किंवा वाचा गेलेला रोगी यांस हें वरदानच होतें. मात्र खेड्यांतला पत्ता म्हणजे टपालमार्ग आणि पेटीचा क्रमांक. तो टपालवाल्यास पुरे. रुग्णवाहिकेस पुरत नाहीं. म्हणून गल्ल्यांना नांवें व घरांना क्रमांक देण्याचें प्रचंड काम हातीं घ्यावें लागलें. पश्चिम व्हर्जिनियांत चालू शतकाच्या आरंभीं तें सुरू झालें, तेव्हां कित्येक ग्रामस्थांनीं विरोध केला. सरकारास आपला ठावठिकाणा इतका नेमका कशास हवा, ही त्यांची शंका ऑस्ट्रियांतील प्रजेच्या शंकेसारखीच होती, आणि ती अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं. ज्यास घर सांपडतें त्यास करही वसूल करतां येतो; पण घर सांपडल्यावांचून प्राणही वाचवितां येत नाहीं.

पुढें मोबाईल आला आणि तारेचा हा आधारच तुटला. खिशांतला टेलिफोन कोणत्याच भिंतीस बांधलेला नसतो. मनोऱ्यावरून कळे तो केवळ आसपासचा विस्तृत परिसर. ब्रिटनमध्यें २०१४ सालापासून त्यावर उपाय निघाला: ९९९ फिरवितांच मोबाईल स्वतःच आपलें स्थान ठरवून तें संदेशानें कळवितो. तरीही नकाशावरचा ठिपका इमारतीपर्यंत नेतो. मजला कितवा आणि दार कोणतें, हें सांगत नाहीं.

महाराष्ट्रांत तर हीं सर्व युगें एकत्रच नांदत आहेत. पुण्याच्या जुन्या वस्तींत घराचा क्रमांक रस्त्याचा नसून पेठेचा असतो, आणि एकाच क्रमांकाच्या वाड्यांत अनेक बिऱ्हाडें राहत आलीं. म्हणून पुणेकर क्रमांकावर न विसंबतां शनिपार, भिकारदास मारुती अशी खूण सांगतो. ऐकणारा गांवचा असेल तर यासारखा नेमका पत्ता नाहीं. पिनकोडची योजना टपाल खात्यांतील अधिकारी व संस्कृत कवि श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं आंखली व ती १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. एकाच नांवाचीं अनेक गांवें आणि निरनिराळ्या लिप्या यांतून पत्रास वाट काढून देणें, हा तिचा हेतु. परंतु ते सहा अंक पत्रास टपालकचेरीपर्यंत नेतात, दारापर्यंत नाहीं.

१०८ या क्रमांकाची सेवा २००५ सालीं हैदराबादेस सुरू झाली. महाराष्ट्रांत ती २०१४ सालीं ९३७ गाड्यांनिशीं आली व तिचें नियंत्रणकेंद्र पुण्यास झालें. आतां हांक मारणारा गडचिरोलीस आणि ऐकणारा पुण्यास! मारुतीच्या देवळामागें, एवढें सांगून भागत नाहीं. कारण मारुती गांवोगांवीं आहे. जिल्हा, तालुका, गांव आणि मग खूण, हाच क्रम येथें उपयोगी पडतो. टपाल खात्यानें २०२५ सालीं काढलेल्या 'डिजिपिन' योजनेंत सुमारें चार मीटरांच्या प्रत्येक चौकोनास दहा अक्षर-अंकांचें नांव मिळालें आहे. पण तेंही मजला ओळखीत नाहीं.

अडीचशें वर्षांच्या या खटाटोपानंतरही शेवटचीं शंभर पावलें माणसांवरच सोंपविलेलीं आहेत. रात्रीं वाचतां येईल असा दारावरचा क्रमांक, घरांतील प्रत्येकास, लहान मुलासही, तोंडपाठ असलेला पूर्ण पत्ता, आणि बत्ती घेऊन नाक्यावर उभा राहणारा एक शेजारी, एवढी तयारी गृहस्थाच्या हातची आहे. तिला खर्च जवळजवळ नाहीं. मात्र ती संकट येण्यापूर्वींच झालेली असावी लागते.