आवाज झाला, काडतूस अडकलं

आजचा भाग एका बगबद्दल आहे. बग सव्वाशे वर्षं जुना आहे आणि सॉफ्टवेअरमधला नाही, बंदुकीतला आहे.

सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन घ्या. चाप ओढला, बार झाला, छर्रे गेले. आता रिकामं काडतूस आपोआप बाहेर उडायला हवं आणि नवं आत बसायला हवं. पण होतं काय, की रिकामं काडतूस दारातच अडकतं, अर्धं आत आणि अर्धं बाहेर. नाहीतर ते उडतं, पण नवं येतच नाही. बंदूक गप्प.

आपल्या कोल्हापुरात जुनी बंदूक म्हटलं की डोळ्यासमोर येते दुनळी. न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये गेलात तर शिकारीच्या ट्रॉफी आणि हत्यारं बघत माणूस तासभर रमतो. शाहू महाराजांच्या काळातली शिकारीची दुनिया तिथं समोर उभी राहते. दुनळीला हा बग होऊच शकत नाही, कारण तिच्यात आपोआप काही होतच नाही. मोडायची, दोन काडतुसं घालायची, मिटायची. दोन बार झाले की पुन्हा मोडायची. रिकामं काडतूस काढणं आणि नवं भरणं हे काम माणसाचं.

१८९४ मध्ये शाहू महाराजांच्या हातात कारभार आला. त्याच दशकात तिकडं अमेरिकेतल्या युटामध्ये जॉन ब्राउनिंग नावाचा एक बंदूकवाला हे हाताचं काम बंदुकीकडूनच करून घ्यायच्या मागं लागला होता. बार झाला की खांद्याला धक्का बसतो. ती ताकद तशी वायाच जाते, मग तिलाच कामाला का लावू नये? त्याच्या बंदुकीत बार झाला की नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेल्या अवस्थेत, एका काडतुसाच्या लांबीपेक्षा जास्त मागं सरकतात. मग नळी सुटून पुढं जाते, रिकामं काडतूस बोल्टला धरून मागं राहतं आणि बाहेर फेकलं जातं. शेवटी बोल्ट नवं काडतूस घेऊन पुढं येतो. एका बारात एवढं सगळं होतं. मला तर ते एकामागून एक चालणाऱ्या स्क्रिप्टसारखं वाटतं. एक पायरी अर्धवट राहिली की पुढचं सगळं कोसळलं.

१९०० मध्ये त्याला पेटंट मिळालं. विंचेस्टर कंपनीशी त्याचं जुनं नातं होतं, पण यावेळी त्यानं एकरकमी पैसे नकोत, प्रत्येक बंदुकीमागं रॉयल्टी द्या असं सांगितलं. कंपनी नाही म्हणाली. मग तो रेमिंग्टनकडं गेला. जानेवारी १९०२ मध्ये तो बाहेरच्या खोलीत बसून वाट बघत असतानाच तिथले अध्यक्ष मार्सेलस हार्टली हृदयविकारानं गेले. मग गडी बंदूक घेऊन थेट बेल्जियमला निघाला आणि एफएन कंपनीनं ती बनवायला घेतली. तीच पुढं ‘ऑटो-५’ म्हणून ओळखली गेली. नळीत १ आणि खालच्या मॅगझिनमध्ये ४, अशी ५ काडतुसं. रेमिंग्टननंही नंतर, १९०५ पासून, तीच बंदूक परवान्यावर काढली.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. बंदूक अडकते का?

बघा, धक्का म्हणजे बजेट. त्या बजेटमध्ये नळी मागं ढकलायची, स्प्रिंग दाबायची, घोडा चढवायचा, रिकामं काडतूस फेकायचं. पण बारा बोरची सगळी काडतुसं सारखी नसतात. एकात २४ ग्रॅम छर्रे, दुसऱ्यात ३६ ग्रॅम. हलकं काडतूस कमी धक्का देतं, बजेट पुरत नाही, बोल्ट पूर्ण मागं जात नाही आणि काडतूस दारात अडकतं. भारी काडतुसाचं उलटं होतं. बजेट उतू जातं, नळी आतून दणादण आपटते आणि लाकडी दस्त्याला तडे जातात.

ब्राउनिंगचं उत्तर होतं एक साधी पोलादी रिंग. मॅगझिनच्या नळीभोवती मोठी स्प्रिंग असते आणि तिच्यापुढं पितळेसारख्या धातूचा एक ब्रेक. भारी काडतूस वापरायचं असेल तर रिंग स्प्रिंग आणि ब्रेकच्या मधे घालायची, म्हणजे ब्रेक घट्ट आवळतो. हलकं असेल तर ती तिथून काढून स्प्रिंगच्या मागं ठेवायची. बस्स. कॉन्फिगमध्ये एक ओळ बदलल्यासारखं. म्हणून आजही कुणी जुनी ऑटो-५ अडकते म्हणाला की जाणकार आधी विचारतो, रिंग कुठं आहे आणि काडतूस कुठलं? दुसरा प्रश्न तेलाचा. ब्रेक घर्षणावर चालतो. नळी कोरडी किंवा गंजलेली असली तर तो जास्त धरतो आणि बंदूक अडकते. तेल फार झालं तर तो निसटतो आणि दस्त्याची वाट लागते. आपल्याकडं ‘अजून थोडं तेल घाल’ हा सगळ्या यंत्रांवरचा उपाय आहे, इथं तो उलटू शकतो.

यातला सगळ्यात वाईट किस्सा विंचेस्टरचा. ब्राउनिंगला नाही म्हटल्यावर त्यांना स्वतःची ऑटोमॅटिक बनवायची होती, पण बोल्ट मागं ओढायची मूठ ब्राउनिंगच्या पेटंटमध्ये अडकलेली. मग त्यांनी १९११ च्या मॉडेलमध्ये मूठच ठेवली नाही. बोल्ट उघडायचा तर नळी हातानं धरून मागं दाबायची, त्यासाठी नळीवर खरखरीत पट्टा दिला. तेव्हा काडतुसं कागदी असायची. दमट हवेत कागद फुगतो (आपल्या जुलैतला पाऊस आठवा) आणि काडतूस नळीत घट्ट रुतून बसतं. मग काही जण दस्ता जमिनीवर टेकवून, तोंड वर करून, नळी दोन्ही हातांनी खाली दाबायचे. आत भरलेलं काडतूस असेल आणि बार उडाला तर समोर स्वतःचा चेहरा. या बंदुकीला ‘विडोमेकर’, म्हणजे बायकांना विधवा करणारी, असं नाव पडलं. १९२५ ला ती बंद झाली. पेटंट टाळायला केलेलं वर्कअराउंड माणसांच्या जिवावर आलं, याचं इतकं सरळ उदाहरण मी दुसरं बघितलेलं नाही. अडकलेली बंदूक ही भरलेलीच समजायची, तोंड सुरक्षित दिशेला ठेवायचं, हा नियम सगळीकडं आधी का शिकवतात ते यावरून कळतं.

पुढचा इतिहास पटकन सांगतो. १९६३ च्या रेमिंग्टन ११०० मध्ये धक्क्याऐवजी बारातला थोडा गॅस नळीच्या भोकांतून घेऊन बोल्ट ढकलला. रिंग बदलायची कटकट गेली, पण भोकं काजळीनं बुजली किंवा रबरी सील फाटलं की पुन्हा तेच. इटलीच्या बेनेलीनं १९६७ नंतर बोल्टच्या आतच स्प्रिंग ठेवली. ती स्वच्छ राहते, पण अख्खी बंदूक मागं हलली तरच चालते. भिंतीला टेकवून झाडली तर अडकू शकते. दर पिढीनं बग दुसरीकडं हलवला, एवढंच.

आपल्याकडं अशा बंदुका फारशा दिसत नाहीत. सेमी-ऑटोमॅटिकसाठी कायदा जास्त कडक आहे, आणि ट्रॅप-स्कीटवालेसुद्धा बहुतेक एकावर एक नळ्यांची दुनळीच वापरतात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं, तेही ५० मीटर रायफलमध्ये, जिथं दर गोळीला बोल्ट हातानं ओढतात.

पण राही सरनोबतचा खेळ वेगळा. २५ मीटर पिस्तूल हे पॉइंट टू-टू बोरचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल असतं, आणि तिथं आपला बग जिवंत आहे. काडतूस छोटं, धक्का जेमतेम. थोडं कमजोर काडतूस निघालं किंवा आत घाण साठली की स्लाइड अर्ध्यातून परत. त्यात रॅपिड फेरीत ७ सेकंद लाल दिवा, ३ सेकंद हिरवा, आणि तेवढ्यात एक गोळी. अडकलं तर हातानं झटकून सोडवायचं नाही. पिस्तूल निशाण्याकडंच धरायचं, मोकळा हात वर करायचा आणि अधिकाऱ्याला बोलवायचं. ते तपासतात. बिघाड खरा असेल तर पुन्हा संधी मिळते. पण तुम्ही आधीच यंत्रणेला हात लावला असेल, किंवा पिस्तूल भरायचंच राहिलं असेल, तर न सुटलेली गोळी शून्य.

ऑगस्ट २०१८, पालेमबांग, एशियन गेम्सची फायनल. राही आणि थायलंडची नफस्वान यांगपायबून, ५० गोळ्यांनंतर दोघी ३४ वर. ५ गोळ्यांचा शूट-ऑफ झाला, पुन्हा बरोबरी, ४-४. दुसरा शूट-ऑफ, ३-२, आणि गोल्ड कोल्हापूरला. एशियन गेम्सच्या नेमबाजीत भारतीय महिलेचं ते पहिलं सुवर्ण. मी बसून हिशेब केला. ६० गोळ्या, म्हणजे ५-५ च्या १२ फेऱ्या. प्रत्येक फेरीत पहिली गोळी हातानं चढवायची, उरलेल्या चार पिस्तुलानं. ४८ वेळा ते काम त्या छोट्याशा स्प्रिंगवर सोडलेलं होतं.