नौकेच्या आकाराची नक्कल आणि वैयक्तिक उपयोगाची नीती : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

नौकाबांधणी ही मुळातच अनुकरणाने वाढलेली विद्या आहे. चांगली चालणारी नौका पाहावी, तिची मापे घ्यावीत आणि त्याच घाटाची दुसरी बांधावी, हा क्रम जगातील बहुतेक किनाऱ्यांवर शतकानुशतके चालत आला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र या सवयीला 'चोरी' हे नाव मिळू लागले. हल म्हणजे नौकेला तरंगत ठेवणारा तिचा मुख्य कोश. दुसऱ्याने घडविलेल्या हलची नक्कल एखाद्याने विक्रीसाठी नव्हे, तर केवळ स्वतःच्या वापरासाठी केली, तर ती नैतिकदृष्ट्या ग्राह्य मानावी काय, या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

शत्रूकडून घेतलेला आकार

१७८२ मध्ये इंग्रजांनी 'हेबे' ही फ्रेंच फ्रिगेट पकडली. तिचा आराखडा झाक-नोएल साने या नामांकित फ्रेंच अभियंत्याचा होता. इंग्रजांनी तिच्या रेषा कागदावर उतरवून घेतल्या आणि त्यांवरून 'लीडा' ही फ्रिगेट बांधून १८०० मध्ये पाण्यात सोडली. पुढे या घाटाच्या फ्रिगेटींची मोठी मालिकाच निर्माण झाली. तिच्यापैकी 'त्रिंकोमाली' ही मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागात बांधली गेली व १२ ऑक्टोबर १८१७ रोजी तिचे जलावतरण झाले. आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे.

तिच्या आराखड्यांचा मुंबईकडे निघालेला पहिला संच 'जावा' या जहाजाबरोबर गमावला गेला. १८१२ च्या अखेरीस अमेरिकी आरमाराशी झालेल्या लढाईत हे जहाज नष्ट झाले होते. परिणामी आराखड्यांचा दुसरा संच पाठवावा लागला. या घटनेतून एक महत्त्वाची बाब लक्षात येते. नौका आणि नौकेचा आकार या दोन भिन्न वस्तू आहेत. नौका बुडाली तरी आकार पुन्हा कागदावर उतरविता येतो. मात्र त्या कागदावरून नौका उभी करण्यासाठी वाडियांसारख्या कुशल कारागिरांचे स्वतंत्र श्रम लागतात. युद्धनीतीत मूळ रचनाकाराच्या हक्काचा प्रश्न कोणी उपस्थित केला नाही. तथापि त्या काळातील नक्कल श्रमाशिवाय होत नव्हती, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे.

स्वेच्छेने दिलेला आकार

वैयक्तिक नक्कलेची परंपरा याहून निराळी आहे. जोशुआ स्लोकम यांनी १८९५ ते १८९८ या काळात 'स्प्रे' या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथाच्या परिशिष्टात त्यांनी त्या नौकेच्या रेषा छापून टाकल्या. पुढे त्यांवरून अनेक हौशी माणसांनी आपापल्या 'स्प्रे' बांधल्या. त्याच सुमारास 'द रडर' या अमेरिकी नियतकालिकाने हौशी बांधकऱ्यांसाठी आराखडे प्रसिद्ध केले. अशाच आराखड्यावरून हॅरी पिजन यांनी स्वहस्ते 'आयलंडर' बांधली आणि १९२१ ते १९२५ या काळात तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली.

मुंबईत बांधली गेलेली 'सुहेली' हीदेखील याच परंपरेतील होय. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी विल्यम ॲटकिन यांच्या 'एरिक' या आराखड्यावरून ती येथील कारागिरांकडून सागात बांधून घेतली. 'एरिक'चे मूळ कॉलिन आर्चर यांच्या नॉर्वेतील बचावनौकांमध्ये आहे. १९६८-६९ मध्ये याच नौकेतून पृथ्वीभोवतीची पहिली एकट्याची विनाथांबा प्रदक्षिणा ३१२ दिवसांत पूर्ण झाली. आर्चर, ॲटकिन, मुंबईचे सुतार अशी ही वंशावळ आजही सांगता येते, कारण प्रत्येक टप्प्यावर मूळ घाटाचे नाव टिकून राहिले. अनुकरण होते, पण ते अनामिक नव्हते.

साचा आणि न्यायालय

फायबरग्लासच्या आगमनाने हे चित्र पालटले. या पद्धतीत प्रथम लाकडी प्रतिकृती घडविली जाते, तिच्यावरून साचा तयार होतो आणि साच्यातून नौका निघतात. रचनाकाराचे बहुतांश श्रम व खर्च पहिल्या प्रतिकृतीत सामावलेले असतात. पण बाजारातून विकत घेतलेल्या नौकेवरूनच साचा काढला, तर हा सारा टप्पा टाळता येतो. मापे घ्यावी लागत नाहीत, रेषाही आखाव्या लागत नाहीत.

फ्लोरिडातील बोनिटो बोट्स या कंपनीने सप्टेंबर १९७६ मध्ये एक नौका बाजारात आणली, पण तिच्या रचनेसाठी पेटंटचा अर्ज केला नाही. १९८३ मध्ये फ्लोरिडा राज्याने विक्रीच्या हेतूने असा थेट साचा काढण्यास बंदी घातली. कंपनीने थंडर क्राफ्ट बोट्सविरुद्ध दावा दाखल केला. १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने राज्याचा कायदा अवैध ठरविला. न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी निकालपत्र लिहिले. पेटंटचे संरक्षण नसलेली आणि लोकांसमोर आलेली रचना सर्वांना खुली असते, हे त्याचे सार होय. पुढे १९९८ मध्ये अमेरिकी संसदेने हलच्या नोंदणीकृत मौलिक रचनांना १० वर्षांचे संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा केला.

वैयक्तिक उपयोगाचा प्रश्न

या दोन्ही कायद्यांत एक साम्य आढळते. फ्लोरिडाचा कायदा विक्रीच्या हेतूपुरता होता, तर १९९८ चा कायदा विक्रीसाठी किंवा व्यापारात वापरण्यासाठी केलेल्या निर्मितीला उल्लंघन मानतो. आपल्याकडील डिझाइन कायदा, २००० हादेखील नोंदणीकृत डिझाइनची विक्रीच्या हेतूने केलेली नक्कल हाच उल्लंघनाचा गाभा मानतो. अर्थात, स्वतःच्या अंगणात स्वतःसाठी एक नौका बांधणारा मनुष्य सामान्यतः कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो.

परंतु कायद्याचे मौन म्हणजे नीतीची संमती नव्हे. येथे तीन कसोट्या सुचवाव्याशा वाटतात. पहिली श्रमाची. मापे घेऊन, रेषा आखून, स्वतः बांधणारा मनुष्य ती विद्या आत्मसात करतो. तयार हलवरून साचा काढणारा मात्र दुसऱ्याच्या श्रमाचे फळ उचलतो. दुसरी कसोटी हानीची. ज्या रचनेचे आराखडे रचनाकार आजही विकत आहे, तिची एक फुकट प्रतही त्याच्या एका ग्राहकाइतकी असते. रचनाकार हयात नसेल व आराखडे मिळतच नसतील, तर तीच नक्कल त्या आकाराला जीवदान देते. तिसरी कसोटी श्रेयाची. साहित्य बदलले की नौकेचे वजन व तोल बदलतो. अशी फेरफार केलेली नौका मूळ रचनाकाराच्या नावाने पाण्यात सोडणे जितके अप्रामाणिक, तितकेच त्याचे नाव पुसून टाकणेही.

निष्कर्ष

'फक्त स्वतःसाठी' हे शब्द नक्कलेतील बाजारी दोष दूर करतात, तिच्यातील ऋण मात्र फेडत नाहीत. आकार घेणे हा इतिहासात अपराध नव्हता, कारण घेणाऱ्याला त्यासाठी श्रम मोजावे लागत आणि बहुधा मूळ नावही सोबत चालत असे. साच्याने या दोन्ही अटी एकाच वेळी संपुष्टात आणल्या. म्हणूनच रचनाकार हयात असल्यास त्याची अनुमती वा आराखडा घेणे, नसल्यास त्याचे नाव जपणे आणि पुढे ती नौका विकण्याची वेळ आली तर तिचे मूळ न लपविणे, एवढे बंधन वैयक्तिक बांधकऱ्यानेही स्वतःवर घालून घेणे उचित ठरेल.